दोन देशांची एक शिवण

२०२४ च्या उन्हाळ्यात मी न्यूयॉर्कला मुलाकडे गेले होते. एके दिवशी सहा वर्षांचा नातू खेळून आला आणि म्हणाला, "आजी, संध्याकाळी आते येणार आहे."

मी चकित झाले. माझ्या मुलाला सख्खी, चुलत, कुठलीच बहीण नाही. मग ही आते आली कुठून? संध्याकाळी दार वाजले. दारात साठीच्या, ठेंगण्या, हसतमुख बाई गोड भाताच्या वड्यांचा डबा घेऊन उभ्या! त्या फिलिपाइन्सच्या. त्यांच्या टागालोग भाषेत थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणतात. सगळी इमारत त्यांना आते म्हणे. मीही म्हणू लागले.

आते पेशाने परिचारिका. आमच्या जॅक्सन हाइट्सला लागूनच वुडसाइड आहे, आणि तिथल्या फिलिपिनो वस्तीला ‘लिट्ल मनिला’ म्हणतात. तिथे घरटी एक तरी परिचारिका आहे की काय असे वाटावे! याचे कारण इतिहासात आहे. स्पेनने तीनशेहून अधिक वर्षे त्या बेटांवर राज्य केले आणि १८९८ साली ती २ कोटी डॉलरना अमेरिकेच्या हवाली केली. १९४६ मध्ये स्वातंत्र्य मिळेपर्यंत अमेरिकेने तिथे इंग्रजी शाळा काढल्या, परिचर्येचे शिक्षण सुरू केले. पुढे १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडली, तेव्हा या मुली आयत्याच तयार होत्या.

आतेंचे दुखणे निराळेच होते. "इथे मी फिलिपिनो, आणि माहेरी गेले की अमेरिकन! मग मी आहे तरी कोण?" असे म्हणून त्या हसत, पण ते हसणे काही खरे नव्हते.

त्यांचे माहेर आक्लान प्रांतातले. तिथे अननसाच्या पानांपासून ‘पिन्या’ नावाचे वस्त्र विणतात. पानाचा वरचा भरड धागा फुटक्या बशीच्या तुकड्याने खरवडून काढायचा, आतला तलम धागा नारळाच्या करवंटीने. मग एकेक धागा हाताने गाठवून लांबवायचा आणि मागावर घालायचा. २०२३ साली युनेस्कोने या विणकामाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. आतेंच्या आईचा असा एक खांद्यावरचा रुमाल त्यांनी कागदात गुंडाळून जपून ठेवला होता. हवेसारखा हलका, पण घडीवर विरलेला. त्यांच्या न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या मुलीने तो कधी हातातही घेतला नव्हता, हे त्यांचे खरे शल्य.

पण गंमत अशी की त्या मुलीनेच एका रविवारी आम्हां दोघींना एका चित्रप्रदर्शनाला नेले. पी. एस. वन हे ते कलासंग्रहालय एका जुन्या शाळेच्या इमारतीत आहे. चित्रे होती पॅसिता अबाद यांची.

अबादबाईंचा जन्म १९४६ साली बतानेस बेटांवर झाला. आईवडील दोघेही राजकारणात. मार्कोस यांच्या राजवटीविरुद्ध विद्यार्थी उठले, त्यांत ही मुलगी पुढे. घरावर गोळीबार झाला, तेव्हा घरच्यांनी तिला कायदा शिकायला स्पेनला धाडले. वाटेत ती सॅन फ्रान्सिस्कोला उतरली आणि तिथेच राहिली. शिवणकाम करून पोट भरले, शिक्षण केले. पुढे १९७३ च्या सुमारास तुर्कस्तानपासून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत अशी खुष्कीची मुशाफरी केली. जिथे जाई तिथल्या बायका कशा टाके घालतात ते ती बघे.

आणि त्यातून तिची चित्रे झाली. कॅनव्हासवर आधी रंग भरायचे, मागे अस्तर लावून मध्ये भरण घालायचे, आणि मग सारे हाताने टाचायचे. वर आरसे, कवड्या, गुंड्या, मणी. या प्रकाराला तिने ‘ट्रापुंतो’ हे इटालियन नाव दिले. मी मात्र पाहताक्षणी म्हटले, "अगबाई, ही तर गोधडी!"

एका चित्रापुढे आते थबकल्या. १९९२ सालचे ‘एल. ए. लिबर्टी’. न्यूयॉर्कच्या बंदरातली स्वातंत्र्यदेवता, पण वर्णाने सावळी! अंगात रंगीबेरंगी झगा, त्यावर आरसे, गुंड्या आणि सोनेरी दोरा. एलिस बेटावरचे आगंतुकांचे संग्रहालय अबादबाईंनी पाहिले, तेव्हा युरोपातून आलेल्यांच्या आठवणी तिथे भरपूर. आशियातून आलेल्यांचा मागमूस जवळजवळ नाही. म्हणून तिने आपली देवता आपणच शिवली. आते बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "ही माझ्यासारखी दिसते."

काही चित्रे भिंतीपासून दूर, अधांतरी टांगली होती. त्यामुळे मागची बाजूही दिसत होती. माझी आई कुणाचेही भरतकाम आधी उलटून पाहायची; मीही मागे गेले. पुढे केवढी झगमग, आणि मागे गाठी, वेडेवाकडे टाके, लोंबते दोरे. परदेशी स्थायिक झालेल्या प्रत्येकाचे आयुष्य असेच तर नसेल?

परतताना गाडीत मुलगी सांगू लागली. सॅन फ्रान्सिस्कोत १९३६ साली जन्मलेले चित्रकार कार्लोस व्हिया यांनी विद्यार्थिदशेत शिक्षकांना फिलिपिनो कलेचा इतिहास विचारला. उत्तर मिळाले, असा काही इतिहासच नाही! त्या उत्तराने त्यांना जन्मभर कामाला लावले. १९७१ साली त्यांनी रंगवलेल्या कॅनव्हासला पिसे लावून एखाद्या प्राचीन पुरोहिताला शोभावा असा झगाच केला.

मग तिने स्टेफनी सिहुको यांची छायाचित्रे दाखवली. या १९७४ साली मनिलात जन्मल्या आणि कॅलिफोर्नियात काम करतात. चित्रात त्या जणू कुण्या आदिवासी जमातीचा पोशाख घालून बसल्या आहेत. जुन्या काळी गोरे संशोधक बेटांवरच्या लोकांचे फोटो काढत, अगदी तसे. नीट पाहावे तर कपड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लटकलेल्या! सारे कापड अमेरिकन दुकानांतून आणलेले, आणि फोटो काढून झाल्यावर दुकानाला परत केलेले. "तुम्हांला हवी तशी रानटी फिलिपिनो इथल्याच दुकानात तयार मिळते, असे ती सांगते," मुलगी हसून म्हणाली. आते हसल्या नाहीत. पण लेकीकडे त्या नव्याने पाहत होत्या, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

आठ दिवसांनी मुलगी माझ्याकडे आली. हातात तिचे जाड निळ्या कापडाचे जाकीट आणि आजीचा तो रुमाल. तो तिला जाकिटाच्या पाठीवर शिवायचा होता! मी आतेंकडे पाहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पेटीत ठेवला तर तो सुरक्षित, पण कुणाचाच नाही. शिवला तर तो फाटणार, पण अंगावर असणार. आईचे मन कुठे कौल देईल?

शेवटी आते म्हणाल्या, "कापायचा मात्र नाही. अख्खा लाव."

मुलीला सुई धरता येत नव्हती. मी तिला आमच्या गोधडीचा धावदोरा शिकवला. आते शेजारी बसून "हळू, हळू" करीत होत्या. चार संध्याकाळी गेल्या. काम झाल्यावर जुन्या सवयीने मी जाकीट उलटून पाहिले. गाठीच गाठी! मी काही बोलले नाही.

मुलीने ते चढवले आणि आरशापुढे पाठ करून उभी राहिली. आतेंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "छान आहे. पण आता हे धुवायचे कसे?"