आंबट बिअरची हौशी देवघेव : किण्वनशास्त्र, संघटन आणि कायदा

प्रस्तावना

क्रांती चौकातून जालना रस्त्याने पूर्वेस निघाल्यास चिकलठाणा व पुढे शेंद्रा, तर पश्चिमेस नगर रस्त्याने गेल्यास वाळूज ही औद्योगिक क्षेत्रे लागतात. या क्षेत्रांतील कारखान्यांमुळे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे देशातील बिअरनिर्मितीचे एक प्रमुख केंद्र मानले जाते. येथे प्रामुख्याने लागर प्रकारची बिअर तयार होते. आंबट बिअर हा मात्र याहून वेगळा प्रकार असून परदेशांत तिच्या बाटल्यांची हौशी मंडळींमध्ये पद्धतशीर देवघेव चालते. सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी याविषयी प्राध्यापकांना विचारणा करतात, तेव्हा उत्तर केवळ शास्त्रापुरते देऊन भागत नाही; कायद्याची बाजूही सांगावी लागते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

आंबट बिअरचे स्वरूप

आपल्याकडे ज्वारीचे पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवले की सकाळी आंबील आंबट होते. हे कार्य लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जिवाणू करतात. आंबट बिअरमध्येही हेच जिवाणू यीस्टच्या जोडीने काम करतात. बेल्जियममधील ब्रुसेल्सनजीकच्या सेन नदीच्या खोऱ्यात 'लांबिक' बिअर बनते. तेथे माल्टचा उकळलेला अर्क हिवाळ्यात रात्रभर उथळ, उघड्या पात्रात थंड होऊ देतात. हवेतील व परिसरातील सूक्ष्मजीव त्यात शिरतात व पुढे ओकच्या पिंपांत एक ते तीन वर्षे किण्वन चालते. निरनिराळ्या वयाच्या लांबिकच्या मिश्रणातून 'गूझ' तयार होते. तिचे किण्वन बाटलीतही सुरू राहते.

या बिअरला विशिष्ट गंध देणाऱ्या ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचे वर्णन कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये केले. पुढे याच कंपनीचा एक कारखाना आपल्या जिल्ह्यातही उभा राहिला.

देवघेवीचे संघटन

प्रत्येक पिंपाची चव निराळी, उत्पादन अल्प आणि बाटली अनेक वर्षे टिकणारी. या तीन कारणांमुळे देवघेवीस चालना मिळते. तिचे सर्वसाधारण संकेत पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१) दोन्ही पक्षांनी निर्माता, वर्ष व प्रमाण यांची यादी आधी निश्चित करणे.
२) मूल्य ठरविताना मूळ किमतीबरोबर दुर्मिळता विचारात घेणे, परंतु नफा हा हेतू न ठेवणे.
३) बाटलीतील वायूचा दाब लक्षात घेऊन जाड वेष्टन वापरणे व उष्णता टाळणे.
४) वचन मोडणाऱ्यास पुढील देवघेवीतून वगळणे.

शेजारणीकडून विरजण नेणाऱ्या गृहिणीचा व्यवहारही अशाच विश्वासावर चालतो. फरक एवढाच की विरजणावर कायद्याचे बंधन नाही.

कायदेशीर चौकट

मद्य हा राज्यघटनेनुसार राज्यसूचीतील विषय आहे. शिवाय अनुच्छेद ४७ मध्ये दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व नमूद आहे. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम १२ अन्वये परवान्याविना मद्याची निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, बाळगणे व खरेदी-विक्री यांस मनाई आहे. कलम १३ अन्वये निर्मितीची साधने बाळगण्यासही मनाई आहे. पैसे घेतले नाहीत म्हणून व्यवहार निर्दोष ठरतो, हा समज त्यामुळे टिकत नाही. कारण बाळगणे आणि वाहतूक या कृतीच मुळात नियंत्रित आहेत. कलम २४ मद्य देऊ करणाऱ्या जाहिरातीस प्रतिबंध करते. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत तसेच गुजरात व बिहार या राज्यांत दारूबंदी आहे. म्हणून बाटलीचा मार्ग कोठून जातो, हा प्रश्नही गौण नाही. घरगुती प्रयोग म्हणून बिअर बनविणारा विद्यार्थी नकळत गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकतो, ही बाब येथे सर्वांत महत्त्वाची होय.

शक्य असलेले मार्ग

मग हौशी मंडळींनी काय करावे? बाटल्यांऐवजी माणसांनी प्रवास करावा, हा एक मार्ग आहे. लांबिक उत्पादकांची संघटना १९९७ मध्ये स्थापन झाली. तिच्या पुढाकाराने ठरावीक काळाने कारखाने रसिकांसाठी खुले केले जातात. महाराष्ट्रात २००९ मध्ये पुण्यात 'डूलली' हा सूक्ष्म बिअरनिर्मिती प्रकल्प सुरू झाला व परवानाधारक जागेतच ताज्या बिअरचा आस्वाद घेण्याची प्रथा रुजली. वय व सेवनपरवान्याच्या अटी पाळून अशा जागी आस्वादसभा घेता येते. महाविद्यालयात मात्र आंबील, ताक, कांजी यांच्या जिवाणूंचा अभ्यास करून नोंदींची देवाणघेवाण करणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

समारोप

या शहरात बिअर हा केवळ चवीचा विषय नाही. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला होता, याचे स्मरण ठेवावयास हवे. एका बाटलीमागे पाणी, रोजगार, कायदा व शास्त्र असे चार प्रश्न उभे असतात. विद्यार्थ्याच्या कुतूहलास नकार न देता त्यास या चारही प्रश्नांची जाणीव करून देणे, हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.