दोन मिलिलिटरमधले एक हजार कोटी

सीबीसी या रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीसाठी जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये साधारण 2 मिलिलिटर रक्त घेतात. निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला सुमारे 50 लाख तांबड्या पेशी असतात. म्हणजे त्या एवढ्याशा ट्यूबमध्ये झाल्या 1000 कोटी! अख्ख्या पृथ्वीवरची माणसं मोजली तरी 800 कोटींच्या आसपास भरतात.

एक पेशी 7 ते 8 मायक्रॉन रुंद. ट्यूबमधल्या सगळ्या पेशी एकापुढे एक मांडल्या, तर सुमारे 75 किलोमीटरची रांग होईल. चर्चगेटहून निघालेली ही रांग विरारच्याही पुढे जाईल. अंगातल्या 5 लिटर रक्तातल्या पेशी मांडल्या, तर पृथ्वीला चार वेढे घालूनही उरतील. तपासणीला रक्त दिलं की अशक्तपणा येतो, असं अनेकांना वाटतं. पण आपली अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी घडवते. ट्यूबभर पेशी म्हणजे तिचं जेमतेम दीड तासाचं काम.

या अफाट संख्येचा खरेपणा मात्र पहिल्या काही मिनिटांवर ठरतो. सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला की पेशी फुटतात. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या द्रवापेक्षा 25 ते 30 पट असतं, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी रिपोर्टमध्ये ते खोटंच वाढलेलं दिसतं. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच राहिलं, तर जिवंत पेशी तासाला 5 ते 7 टक्के साखर खाऊन टाकतात. म्हणून साखरेसाठी फ्लोराइडची करड्या टोपणाची ट्यूब. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, दर मिलिलिटरला दीड-दोन मिलिग्रॅम. ते नीट मिसळायला ट्यूब हलक्या हाताने 8 ते 10 वेळा उलटी-सुलटी करावी लागते. तसं केलं नाही, तर बारीक गुठळ्यांत प्लेटलेट अडकतात आणि त्यांचा आकडा लाखाने खाली येऊ शकतो.

दंडाचा पट्टा मिनिटाच्या आत सोडणारा, ट्यूब न हिसळता कलती करणारा हात म्हणूनच यंत्राइतकाच मोलाचा आहे. त्यात आपलाही वाटा आहे. रक्त देताना पूर्ण नाव आणि जन्मतारीख स्वतः सांगा, आणि ट्यूबवरचं लेबल वाचल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. नाव चुकलं, तर अचूक मोजलेल्या 1000 कोटी पेशीही दुसऱ्याच्याच ठरतात.