काडतूस पुनर्भरण यंत्र
काडतूस पुनर्भरण यंत्र : उडविलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नवी टोपी, दारू व गोळी बसवून ती पुन्हा वापरण्याजोगी करणारे, तरफेने चालणारे दाबयंत्र. काडतुसाच्या चार घटकांपैकी टोपी, दारू व गोळी एकदाच उपयोगी पडतात. पितळी पुंगळी मात्र बहुधा शाबूत राहते, आणि घटकांमध्ये महागही तीच असते. अमेरिकेत अनेक नेमबाज व शिकारी घरीच पुनर्भरण करतात ते या काटकसरीसाठी, तसेच आपल्या बंदुकीस मानवेल असे काडतूस जुळविता यावे म्हणून.

बार होताना वायूच्या दाबाने पुंगळी फुगून बंदुकीच्या कोठीचा आकार घेते. यंत्राच्या चौकटीत वरच्या बाजूस पोलादी साचा आट्यांनी बसविलेला असतो व खाली दट्ट्याच्या टोकावर पुंगळी धरलेली असते. तरफ ओढली की दट्ट्या वर सरकतो, पुंगळी साच्यात दाबली जाऊन पुन्हा मापाची होते आणि साच्यातील सुई जळलेली टोपी बाहेर ढकलते. पुंगळीच्या तळाशी मध्यावर एकच छिद्र असेल तरच ही सोय साधते. ही रचना एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची. हायरम बर्डन या अमेरिकनाच्या रचनेत ऐरण पुंगळीतच असून छिद्रे मध्यापासून बाजूला असतात. तेथे सुई चालत नाही. गंमत अशी, की बॉक्सरची रचना अमेरिकेत रुळली व बर्डनची यूरोपात.

यंत्रांचे तीन प्रकार आहेत. एकस्थानी यंत्रात एका वेळी एकच साचा बसतो. फिरत्या माथ्याच्या यंत्रात अनेक साचे असून हवा तो पुंगळीवर आणता येतो. क्रमगामी यंत्रात तरफेच्या प्रत्येक ओढीबरोबर वेगवेगळ्या पुंगळ्यांवर वेगवेगळ्या क्रिया होतात व दर ओढीस एक काडतूस पुरे होते. वेगाचा मोह साहजिक असला, तरी नवशिक्याने एकस्थानी यंत्रच घ्यावे. त्यातही उघड्या चौकटीपेक्षा बंद, ओतीव लोखंडी चौकटीचे बरे, कारण ती जोराखाली वाकत नाही. या यंत्रावर काम संथ होते, हाच त्याचा गुण. पिस्तुलाच्या दारूची मात्रा पुष्कळदा पुंगळीचा निम्मा भागही व्यापत नाही. त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती सांडत नाही, आणि असे काडतूस शस्त्र फोडू शकते. दारू मुळीच पडली नाही, तर एकट्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अडकते व पुढच्या बाराला नळी फाटते. एकस्थानी यंत्रावर सर्व पुंगळ्या फळीवर ओळीने मांडून गोळ्या बसविण्यापूर्वी दिव्याखाली प्रत्येकीत डोकावता येते. यंत्राइतकाच तराजूही महत्त्वाचा; दारू ग्रेनमध्ये तोलतात (१ ग्रेन = सु. ०·०६४८ ग्रॅम). टोप्यांच्या राखेत शिसे असल्याने काम संपताच हात धुणे अगत्याचे असते.

भारतात मात्र निवडीचा प्रश्न यंत्राच्या आधी कायद्यापाशी येतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे एकही काडतूस न भरता नुसते यंत्र घरी ठेवणे हेसुद्धा कायद्याच्या दृष्टीने दारूगोळा बाळगणेच होय. बंदुकीचा परवाना असला, तरी त्याने निर्मितीचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी कलम ५ खालील वेगळा परवाना लागतो. परवानाधारक ठरलेल्या मर्यादेत तयार काडतुसेच विकत घेतो. ठासणीच्या बंदुकीत बार दरवेळी हातानेच भरावा लागतो. पीकरक्षणासाठी तिचा परवाना देण्याची तरतूद याच अधिनियमात आहे.

महाराष्ट्रात काडतुसांची निर्मिती कारखान्यांत होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मधील आहे. खानदेशात तापीच्या खोऱ्यात, नंदुरबारच्या पूर्वेस भुसावळजवळ, वरणगाव येथे १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. हे दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. लष्करी चांदमारीनंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतल्या जातात.