आरएक्स १०० : ब्लॉक उघडण्याआधी

यामाहा आरएक्स १०० बाजारातून गेली १९९६ मध्ये. त्यानंतर जन्मलेली पोरं आज ती गाडी शोधत गावोगाव फिरतात. कुणाच्या तरी आजोळच्या गोठ्यात पोत्याखाली दडलेली, चाकं बसलेली, किक जाम झालेली गाडी मिळते आणि मग प्रश्न उभा राहतो : इंजिन मिस्त्रीकडे टाकायचं की घरीच खोलायचं? घरी खोलावं, या मताचा मी आहे. मात्र आधी हे इंजिन नेमकं कशावर चालतं ते समजून घ्यायला हवं.

१९८५ साली एस्कॉर्ट्सने ही गाडी आणली. ५० मिमी बोअर, ५० मिमी स्ट्रोक, म्हणजे ९८ सीसी. ताकद ७५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती, गिअर चार, वजन शंभर किलोंच्या आसपास. त्याच वर्षी आलेली हिरो होंडा सीडी १०० तेवढ्याच सीसीची होती, पण फोर-स्ट्रोक. मायलेजमध्ये तिने आरएक्सला कधीच मागे टाकलं आणि सिग्नल सुटल्यावर आरएक्सने तिला. टू-स्ट्रोकला क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट मिळतो. ७५०० आरपीएमला सेकंदाला १२५ स्फोट. फोर-स्ट्रोकला त्याच्या निम्मे.

या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेनही नाही. ब्लॉकच्या भिंतीत खिडक्या आहेत, त्यांना पोर्ट म्हणायचं, आणि त्या उघडणं-बंद करणं हे पिस्टनचं काम. पिस्टन वर जातो तेव्हा क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण आत ओढलं जातं. खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबून ट्रान्स्फर पोर्टमधून वर ढकलतो. मिश्रणाने आल्या वाटेने परत फिरू नये म्हणून मध्ये रीडच्या पातळ पत्त्या बसवलेल्या. या पत्त्यांमुळेच आरएक्स कमी आरपीएमलाही ओढते. म्हणजे क्रँककेस इथे पंप आहे, आणि गळका पंप कितीही घासूनपुसून चकचकीत केला तरी पाणी चढवत नाही. ‘पिकअप गेला’ म्हणून लोक पिस्टन बदलतात, कार्बोरेटर बदलतात, मोठा जेट टाकतात. दोष असतो क्रँकच्या टोकाला बसलेल्या स्वस्तातल्या रबरी सीलमध्ये.

कुठलं सील गेलं ते इंजिन न खोलताही बरंचसं कळतं. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत राहते. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर फुकटची हवा आत येते. मिश्रण पातळ होतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस चटकन उतरत नाही आणि एखाद्या लांब चढावर पिस्टन सीज होतो. धूर निघाला की माणूस घाबरतो. रेस लोंबकळली तर ‘गाडी तयार आहे’ म्हणून खूश होतो. खरं तर घाबरायचं दुसऱ्या वेळी.

घरी खोलायला फार हत्यारं लागत नाहीत. पाने, मॅग्नेटचा पुलर, सर्क्लिपसाठी टोकदार पक्कड, फिलर गेज. ब्लॉक वर उचलण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं, कारण गजनपिनची सर्क्लिप आत पडली तर हाफ इंजिनचं काम तिथल्या तिथे फुल इंजिनचं होतं. नवा पिस्टन बसवताना त्याच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे हवा. रिंगच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगची टोकं तिथेच यायला हवीत. टू-स्ट्रोकची रिंग फिरू द्यायची नसते. फिरली तर तिचं टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं.

बोअरिंग मात्र घरी होत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी हे काम करणारे मुरलेले लोक आहेत. त्यांच्या हातात ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही एकदम द्यायचे, नुसतं ‘अमुक साइज मारा’ म्हणायचं नाही. दोन पिस्टनच्या डब्यांवर एकच आकडा छापलेला असला तरी माप सारखं निघेलच असं नाही, आणि पिस्टन व भिंत यांत मोकळीक ठेवायची असते ती मिलिमीटरच्या शतांशांत. कमी ठेवली तर सीज, जास्त ठेवली तर खडखड. होनिंग झाल्यावर पोर्टच्या कडांची धार हलकेच मोडून घ्यायची, नाहीतर रिंग तिथे खरवडते. बिग-एंडचं बेअरिंग गेलं असेल तर क्रँकही लेथवाल्याकडे न्यावा लागतो. प्रेसवर पिन काढून नवा रॉड बसवला की दोन सेंटरमध्ये क्रँक धरून डायल गेजवर सरळ करून घ्यायचा. ‘डोळ्यांनी बघितलाय, सरळ आहे,’ असं ऐकू आलं तर दुसरं दुकान गाठावं.

इंजिन पुन्हा जोडून झाल्यावर एक चाचणी बहुतेक मिस्त्री करत नाहीत आणि घरच्या माणसाने करावीच. इनटेक आणि एक्झॉस्टला रबरी बूच मारायचं, एका बुचातून नळी काढून तिला डॉक्टरांचं जुनं बीपीचं यंत्र जोडायचं आणि फुगा दाबत काटा २५० पर्यंत न्यायचा. काटा काही मिनिटं जागचा हलला नाही तर इंजिन हवाबंद. उतरू लागला तर सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे जागा दाखवतात. गाडी सुरू करण्याआधी ऑइल पंपाच्या नळीतली हवाही काढून टाकायची. पंपात हवा राहिली तर नवाकोरा पिस्टन सुरुवातीच्या काही मिनिटांतच कोरडा पडतो. म्हणून पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही थोडं टू-टी ऑइल मिसळलेलं बरं.

आता ट्युनिंग. इथे बहुतेकांचा हात आधी कानशीकडे जातो. एक्झॉस्ट पोर्ट उंच केला तर वरच्या आरपीएमला ताकद वाढते हे खरं आहे. खालची ताकद जाते हेही तितकंच खरं. पाच-सहा गिअरच्या रेसिंग गाडीला ते चालतं. आरएक्सला गिअर चारच, त्यांच्यात अंतर मोठं, आणि गाडी चालवायची असते पुण्यातल्या लक्ष्मी रोडच्या गर्दीत.

सायलेन्सरचा प्रकार आणखी वाईट. टू-स्ट्रोकचा पाइप नुसता धूर बाहेर टाकत नाही. बाहेर पडणारी दाबाची लाट पुढच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि एक्झॉस्टमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा ब्लॉकमध्ये ढकलते. हे शास्त्र पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी पक्कं केलं. १९६१ च्या स्वीडिश ग्रांप्रीनंतर त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, ही विद्या घेऊन सुझुकीला मिळाला आणि पुढच्याच वर्षी ५० सीसीचा जगज्जेता झाला. ज्या आकाराची विद्या घेऊन माणसाने देश सोडला तो आकार आपल्याकडे कटरने कापून टाकतात, कारण आवाज मोठा येतो! आवाज येतो आणि ताकद जाते. शिवाय पोलिस असे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, ते वेगळंच. मूळ सायलेन्सरची आतली नळी काढून साचलेला कार्बन साफ केला तरी गाडी बदललेली जाणवते.

जेटिंगचं काम सर्वांत शेवटी, इंजिन हवाबंद आणि सायलेन्सर मोकळा झाल्यावर. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा, तसंच क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. तपकिरी असेल तर ठीक. काळा ओला म्हणजे मिश्रण जाड, पांढरट म्हणजे पातळ. पांढरट प्लग घेऊन घरी परतायचीही घाई करू नये. पुण्यात बसवलेलं जेटिंग महाबळेश्वरला थोडं जाड वाटेल, कारण वर हवा विरळ. त्यासाठी जेट बदलत बसायची गरज नाही.

एवढं करून जी गाडी तयार होते ती १९८५ च्या गाडीपेक्षा वेगवान नसते, तिच्याइतकीच असते. मला विचाराल तर तेवढी पुरे.

ब्लॉक मात्र जपा. मूळ मापानंतर ओव्हरसाइज पिस्टन मिळतात ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमीचे. म्हणजे बोअर चारदाच. पुढे नवी स्लीव्ह घालता येते, पण तिचे पोर्ट जुन्याशी तंतोतंत जुळतील याची खात्री नसते. ०.२५ वर भागत असताना ‘एकदमच ०.५० मारून टाकू’ म्हणणारा भेटला, तर ब्लॉक उचला आणि दुसरीकडे न्या.