राजम्याचा डबा आणि विजेची मोटार

जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या गोया फूड्स कंपनीचे प्रमुख रॉबर्ट उनानुए व्हाइट हाउसमध्ये गेले आणि तिथे त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचं तोंड भरून कौतुक केलं. गोया राजमा, कडधान्यं आणि मसाले विकते. तिची हक्काची गिऱ्हाइकं म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची कुटुंबं. ट्रम्प यांच्या स्थलांतरितविरोधी धोरणाने त्यांतली अनेक दुखावलेली होती, त्यामुळे काही तासांतच बहिष्काराची हाक उठली. ट्रम्पसमर्थकांनी लगेच उलट हाक दिली : गोयाच घ्या.

पुढे संशोधकांनी घरोघरच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या. विक्री घटली नव्हती, उलट काही काळ सुमारे २२ टक्क्यांनी वाढली होती, आणि रिपब्लिकन पक्षाचा जोर असलेल्या भागांत ५६ टक्क्यांनी. तीन आठवड्यांत सगळं पूर्वपदावर आलं. समर्थकाला एक-दोन डॉलरचा डबा उचलून पाठिंबा दाखवता येत होता, पण दर आठवड्याला राजमा शिजवण्याची सवय काही त्याला लागली नाही. ज्या घरांत वर्षानुवर्षं गोयाचाच मसाला पडतो, तिथे हाताला बसलेली चव बदलणं सोपं नव्हतं. आणि ज्यांनी गोया कधी घेतलंच नव्हतं, त्यांच्या रागाने कंपनीचा गल्ला रिकामा कसा होणार?

म्हणून कंपनीच्या प्रमुखाच्या राजकारणावरून बहिष्कार पुकारला जातो, तेव्हा किती लोक चिडले यापेक्षा चिडलेल्यांत त्या कंपनीची गिऱ्हाइकं किती, हे मी आधी पाहतो. त्यानंतर पाहायचं ते त्यांना दुसरीकडे जायची वाट आहे का. १९७० च्या दशकात कूर्स बिअरवर बहिष्कार पडला. मालक कुटुंबातल्या जोसेफ कूर्स यांनी उजव्या विचारांच्या हेरिटेज फाउंडेशनच्या स्थापनेसाठी अडीच लाख डॉलर दिले होते. कामगार संघटना आणि समलिंगी समाज या दोघांच्याही कंपनीविरुद्ध जुन्या तक्रारी होत्याच. बारमालकाने कूर्स बंद करून दुसरी बिअर ठेवली, की गिऱ्हाइकाला काहीच सोसावं लागत नव्हतं. आपल्याकडेही स्वदेशीच्या काळात नुसतं विलायती टाकून भागलं नाही. लोकांनी पैसा-पैसा घालून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला, तो पर्याय हवा होता म्हणूनच.

विजेच्या गाड्या बनवणाऱ्या टेस्लाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी, दुखावलेलं गिऱ्हाईक आणि हाताशी असलेला पर्याय, जुळून आल्या. कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प आणि त्यांच्या पक्षासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, नंतर सरकारी खर्चकपातीची सूत्रं हाती घेतली आणि जर्मनीत एएफडी या अतिउजव्या पक्षाला उघड पाठिंबा दिला. विजेची गाडी मात्र बहुतांशी पर्यावरणाची काळजी करणारा, उदारमतवादी वर्ग घेत होता. म्हणजे दुखावलं गेलं ते टेस्लाचं नेमकं गिऱ्हाईक. आणि २०२५ पर्यंत त्याच्यासमोर फोक्सवॅगनपासून ह्युंदाईपर्यंत पर्यायांची रांग लागलेली होती.

शिवाय टेस्ला स्वतंत्र वितरकांमार्फत गाड्या विकत नाही, शोरूम कंपनीचीच असतात. त्यामुळे फेब्रुवारी २०२५ पासून त्यांच्या दारात फलक घेऊन उभी राहिलेली माणसं थेट कंपनीसमोर उभी होती. काही ठिकाणी गाड्या जाळल्या गेल्या. त्याला मी बहिष्कार म्हणणार नाही. बहिष्काराचं सारं बळ स्वतःचे पैसे स्वतःकडे ठेवण्यात असतं, दुसऱ्याची वस्तू नासवण्यात नाही.

ज्याने टेस्ला आधीच घेतली आहे, त्याने काय करायचं? कंपनीला तिचे पैसे मिळून चुकलेले असतात. तरीही त्याने गाडी विकायला काढली, की त्याचा परिणाम आडवाटेने कंपनीपर्यंत पोचतो. जुन्या गाड्या बाजारात वाढतात, त्यांचे भाव उतरतात. मग नवी घेऊ पाहणारा जुनीकडे वळतो, किंवा पुढे आपल्या गाडीला काय भाव येईल या धास्तीने थांबतो. समर्थकांची उलट हाक इथे फारशी कामाला आली नाही. ११ मार्चला खुद्द ट्रम्प यांनी व्हाइट हाउसच्या आवारात टेस्ला उभ्या करून एक घेण्याचं जाहीर केलं, पण ४०,००० डॉलरची गाडी राजम्याच्या डब्यासारखी येता-जाता उचलता येत नाही.

२०२५ च्या पहिल्या तिमाहीत टेस्लाने ३,३६,६८१ गाड्या दिल्या, आदल्या वर्षीपेक्षा १३ टक्के कमी. नफा ७१ टक्क्यांनी घसरला. हे सगळं श्रेय बहिष्काराला देणं मात्र चूक ठरेल. मॉडेल वाय या गाडीची नवी आवृत्ती येत असल्याने कारखान्यांतलं उत्पादन काही आठवडे थांबलं होतं, चिनी कंपन्यांची स्पर्धाही होती. युरोपीय संघाचे आकडे मला अधिक बोलके वाटतात. त्याच तिमाहीत तिथे विजेच्या गाड्यांची एकूण नोंदणी सुमारे २४ टक्क्यांनी वाढली आणि टेस्लाची ४५ टक्क्यांनी घटली. बाजार वाढत असताना एकाच कंपनीचं गिऱ्हाईक एवढं आटतं, तेव्हा नव्या आवृत्तीचं कारण पुरत नाही. एप्रिलमध्ये मस्क यांनी सरकारी कामाला कमी वेळ देणार असल्याचं गुंतवणूकदारांना सांगितलं.

तिसऱ्या तिमाहीत विक्री विक्रमी झाली, कारण ३० सप्टेंबरला अमेरिकेतली विजेच्या गाड्यांवरची ७,५०० डॉलरची करसवलत संपणार होती. त्यानंतर ती पुन्हा उतरली. वर्षभरात सुमारे १६ लाख ३६ हजार गाड्या गेल्या, २०२४ मध्ये त्या १७ लाख ८९ हजार होत्या.

शेअरची गोष्ट मात्र निराळी. डिसेंबर २०२४ च्या उच्चांकावरून तो एप्रिलपर्यंत निम्म्याखाली आला, तेव्हा आंदोलकांना वाटलं की मस्क यांच्या संपत्तीचं मूळच सापडलं. पण हा भाव आज विकल्या जाणाऱ्या गाड्यांपेक्षा चालकाविना धावणाऱ्या टॅक्सी आणि यंत्रमानव यांच्या आशेवर अधिक टेकलेला आहे, आणि त्या आशेवर शोरूमसमोरच्या फलकांचा परिणाम होत नाही. वर्ष संपेपर्यंत शेअर पुन्हा वर गेला. ६ नोव्हेंबरला भागधारकांनी ७५ टक्क्यांहून अधिक मतांनी मस्क यांना एक लाख कोटी डॉलरपर्यंतचा मोबदला मंजूर केला.