बक्षीस मोठे, प्रेक्षक किती?

सिडनीच्या रँडविक रेसकोर्सवर २०१७ साली सुरू झालेल्या ‘द एव्हरेस्ट’ या १,२०० मीटरच्या शर्यतीचे बक्षीस पहिल्या वर्षी १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर होते आणि २०२३पर्यंत ते दुप्पट झाले. या शर्यतीत बारा ‘स्लॉट’, म्हणजे घोडा उतरवण्याचे हक्क, विकले जातात. प्रारंभी वर्षाला ६ लाख डॉलर मोजणारा हक्कधारक स्वतःचा घोडा उतरवी किंवा बक्षिसाच्या वाटणीचा करार करून दुसऱ्या मालकाचा घोडा निवडी, त्यामुळे या वाटाघाटींची चर्चा शर्यतीच्या बरीच आधी रंगू लागली. ऑक्टोबर २०१८मध्ये तिची जाहिरात ऑपेरा हाउसच्या छतावर प्रकाशझोताने झळकवली गेली, तेव्हा संतप्त नागरिकांनी विजेऱ्यांचे झोत टाकून ती झाकोळण्याचा प्रयत्न केला.

फ्लोरिडातील ‘पेगासस वर्ल्ड कप’नेही २०१७मध्येच बारा हक्क प्रत्येकी १० लाख अमेरिकी डॉलरना विकले, २०२०मध्ये मात्र ती पद्धत सोडून मुख्य शर्यतीचे बक्षीस ३० लाखांवर आणावे लागले. अमेरिकेतील नामांकित घोडे पैदाशीसाठी लवकर निवृत्त केले जातात, आणि जानेवारीतील या शर्यतीनंतर तर काही विजेते थेट स्टडफार्मवर गेले. याउलट २०१७ व २०१८ अशी दोन्ही वर्षे ‘एव्हरेस्ट’ जिंकणारा रेडझेल हा खच्ची केलेला घोडा असल्याने पैदाशीसाठी निवृत्त होण्याचा प्रश्नच नव्हता. प्रेक्षकाला ओळखीचा घोडा पुन्हा पाहायला मिळणे हे बक्षिसाच्या आकड्याहून अधिक मोलाचे आहे, आणि नव्या शर्यतींचे आयोजक नेमके याकडेच फार कमी लक्ष देतात.