ओळख आणि वशिला

पदवी घेऊन शाळेला भेटावयास येणारे आमचे माजी विद्यार्थी बहुधा एकच अडचण सांगतात : गुण आहेत, पण शहरात ओळखीचे कोणी नाही. एखाद्याची ओळख काढा असे सुचविले, की त्यांचा चेहरा उतरतो. घरात पहिलाच पदवीधर असलेल्या मुलाला ओळख आणि वशिला यांत भेद दिसत नाही. तो स्पष्ट करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वशिल्याने अपात्र माणूस जागेवर बसतो. ओळखीमुळे पात्र माणसाला जागा रिकामी असल्याचे कळते. 1907 मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे त्यांनीच महाराजा सयाजीराव गायकवाडांशी भेट घडवून आणली आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बुद्धी बाबासाहेबांची होती. ती योग्य व्यक्तीच्या नजरेस आणण्याचे काम केळुसकरांनी केले. ते ना नातलग होते, ना जातभाई.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हेच दिसते. परिचितांकडून माहिती मिळून ज्यांना नवी नोकरी लाभली, त्यांपैकी सहांत एकाचाच तो परिचित नेहमीच्या भेटीतला होता. कारण उघड आहे. एकाच वसतिगृहात वाढलेल्या मित्रांना जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असते; नवी बातमी दूरच्या वर्तुळातून येते.

म्हणून नवपदवीधरांनी प्रथम एक यादी करावी : शिक्षक, दहा वर्षे पुढचे विद्यार्थी, विहारात भेटणारे कर्मचारी, प्रशिक्षणातील सहकारी. त्यांच्याकडे नोकरी मागू नये, माहिती मागावी. आपण कोण, काय शिकलो आणि नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हे चार ओळींत लिहावे व पंधरा मिनिटे मागावीत. भेटीनंतर आभार कळवावेत. सल्ल्याचे पुढे काय झाले, तेही महिन्याभराने सांगावे. नकार आल्यास खचू नये. लिंक्डइनवरही हीच रीत पाळावी.

संयुत्त निकायात भगवंतांनी आनंदास कल्याणमित्रतेचे महत्त्व सांगितले आहे. तो उपदेश धम्ममार्गाविषयीचा आहे, नोकरीविषयीचा नव्हे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु जो हात धरून रस्ता दाखवितो तो मित्र, ही शिकवण संसारातही उपयोगी पडते.

संकोच केवळ मागणाऱ्याचा नसतो. नोकरीत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : शाळेतील एखाद्या मुलाचा निरोप आला, तर त्याच दिवशी उत्तर द्या. आपल्यालाही कधीकाळी कोणीतरी दार उघडले होते.